४:३ की ३:२? सहस्रचंद्रदर्शनाच्या फोटोंचे प्रिंट काढायचे आहेत, कॅमेऱ्यात कोणते गुणोत्तर ठेवावे?

ओसरी

नमस्कार. येत्या मार्गशीर्षात आमच्या सासूबाईंचे सहस्रचंद्रदर्शन आहे आणि फोटोंची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. मला एका गोष्टीची धास्ती वाटते, आणि तिचे कारण सांगितल्याशिवाय माझा प्रश्न नीट कळणार नाही.

सहा वर्षांपूर्वी सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला आम्ही सगळ्या घराचा एक फोटो काढला होता. मागे बारा माणसे उभी, पुढे खुर्च्यांवर वडीलधारी आणि सतरंजीवर मुले. कॅमेरा भाच्याचा होता आणि त्याच्या पडद्यावर सगळे जण व्यवस्थित दिसत होते. मी स्वतः दोनदा पाहिले होते. बाजारात तयार मिळालेली चौकट ८×१० इंचांची होती, म्हणून लॅबमध्ये त्याच मापाचा प्रिंट सांगितला. तो हातात आला तेव्हा मागच्या रांगेत डावीकडे थोरल्या नणंदेचा निम्मा चेहरा होता आणि उजवीकडे मामेसासऱ्यांचा फक्त खांदा व टोपीची कड. समारंभाच्या गडबडीत पुन्हा प्रिंट काढू म्हणून तो तसाच भिंतीवर लागला. पुढे मूळ फाइल असलेली हार्ड डिस्क बंद पडली आणि दीड वर्षाने मामेसासरेही गेले. सगळ्या कुटुंबासोबतचा त्यांचा तो एकमेव फोटो आहे, आणि मामी घरी आल्या की त्याच्याकडे पाहतात तेव्हा मला फार वाईट वाटते.

या वेळी माझा स्वतःचा मायक्रो फोर थर्ड्स कॅमेरा आहे, म्हणजे ४:३ आकाराच्या छोट्या सेन्सरचा (फोटो टिपणाऱ्या चिपचा), २० मेगापिक्सेलचा. त्याच्या मेनूत फोटोच्या रुंदी-उंचीच्या गुणोत्तराचे ४:३, ३:२, १६:९ आणि १:१ असे चार पर्याय आहेत. भाचा त्याचा ३:२ चा फुल फ्रेम कॅमेरा आणणार आहे. नातेवाइकांना देण्यासाठी सामूहिक फोटोच्या ४×६ च्या चाळीस प्रती काढायच्या आहेत, कारण सगळ्यांकडचे खिशांचे अल्बम त्याच मापाचे आहेत. आणि दिवाणखान्यात लावण्यासाठी त्याच फोटोचा १२×१५ इंचांचा एक मोठा प्रिंट हवा आहे. कॅमेऱ्यात कोणते गुणोत्तर ठेवले म्हणजे दोन्ही प्रिंटांत एकही माणूस कापला जाणार नाही?

त्रैराशिक

तुमच्या पंचाहत्तरीच्या फोटोचे नेमके काय झाले ते आधी आकड्यांत मांडतो, म्हणजे पुढचे उत्तर आपोआप समोर येईल.

भाच्याचा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा असेल तर त्याची चौकट ६०००×४००० पिक्सेलची, म्हणजे ३:२ ची आहे. ८×१० चा कागद ५:४ आहे. उंचीचे ४००० पिक्सेल पूर्ण वापरायचे ठरवले तर रुंदीत फक्त ५००० पिक्सेल मावतात, म्हणजे १००० पिक्सेल बाहेर जातात आणि यंत्र ते दोन्ही बाजूंनी ५००-५०० असे वाटून घेते. आता मागच्या रांगेत बारा माणसे काठोकाठ उभी आहेत असे धरा. प्रत्येकाच्या वाट्याला ५०० पिक्सेल येतात. रुंदीचा सहावा भाग गेला म्हणजे बारा जणांतून दोन जण गेले, प्रत्येक टोकाचा एक. तुमच्याकडे कडेला थोडी जागा सुटलेली असणार म्हणून नणंदबाई निम्म्या तरी वाचल्या. तुम्ही पडद्यावर पाहिलेत ते खरेच होते. फक्त पडदा ३:२ चा होता आणि कागद ५:४ चा.

४:३ च्या कॅमेऱ्यातून तोच ८×१० काढला असता तर रुंदीचा सोळावा भागच गेला असता, म्हणजे बारा जणांच्या रांगेतून दोन्ही बाजूंना मिळून पाऊण माणूस. उलट ४×६ च्या कागदावर ३:२ चा फोटो तंतोतंत बसतो आणि ४:३ च्या फोटोच्या उंचीचा नववा भाग कापावा लागतो. आडव्या सामूहिक फोटोत तो भाग मागच्या रांगेच्या डोक्यावरून आणि पुढे बसलेल्या मुलांच्या पायांतून जातो. ५×७ हे माप या दोहोंच्या मधले आहे: ३:२ मधून पंधरावा भाग जातो, ४:३ मधून एकविसावा. सर्वांत कठीण १०×१२, कारण तो जवळजवळ चौकोनी आहे आणि ३:२ च्या फोटोचा पूर्ण पाचवा हिस्सा मागतो.

जाता जाता एक गंमत सांगतो, कारण मला ती फार आवडते. ए-४ कागदाच्या बाजूंचे गुणोत्तर दोनचे वर्गमूळ असते, आणि ४/३ गुणिले ३/२ बरोबर नेमके २. त्यामुळे ए-४ वर प्रिंट काढताना ३:२ आणि ४:३ या दोन्ही फोटोंचा अगदी सारखाच भाग जातो, सुमारे ५.७ टक्के. घरच्या प्रिंटरवर छापणाऱ्यांना दोन्ही कॅमेरे सारखेच.

आता तुमचा प्रश्न. तुम्हाला एकाच फोटोतून ३:२ चा छोटा आणि ५:४ चा मोठा असे दोन प्रिंट हवे आहेत. ४:३ हे गुणोत्तर या दोहोंच्या दरम्यान पडते, म्हणून तुमच्याच कॅमेऱ्याने, त्याच्या मूळ ४:३ मध्ये काढा. मोठ्या प्रिंटसाठी दोन्ही बाजूंना रुंदीचा बत्तिसावा भाग आणि छोट्यासाठी वर-खाली उंचीचा अठरावा भाग मोकळा राहिला की हिशेब पुरा होतो. भाच्याच्या कॅमेऱ्याने काढलात तर छोट्या प्रिंटची काळजी मिटेल, पण मोठ्यासाठी दोन्ही बाजूंना बारावा भाग सोडावा लागेल. तेही जमण्यासारखे आहे, फक्त ते लक्षात ठेवावे लागते, आणि समारंभाच्या दिवशी लक्षात ठेवण्याच्या गोष्टी आधीच पुष्कळ असतात.

अंधारखोली

मी नाशिकला एका लॅबमध्ये चौदा वर्षे प्रिंटिंग केले आहे, त्यामुळे काउंटरच्या आतल्या बाजूने काय होते ते सांगते.

ग्राहक पेनड्राइव्ह देतो आणि ‘सगळे ४×६’ असे सांगून जातो. त्यात तीनशे फोटो असतात, काही मोबाइलचे, काही कॅमेऱ्याचे, काही उभे, काही आडवे. सॉफ्टवेअरमध्ये ‘कागद पूर्ण भरा’ हा पर्याय निवडलेला असतो आणि कातर नेहमी मधोमध धरली जाते. काम करणारा प्रत्येक फोटो पडद्यावर पाहतो, पण एका फोटोला एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ देता येत नाही. रंग आणि उजेड पाहायचा की कडा, हा प्रश्न पडला की डोळा आधी रंगाकडे जातो. टोकाची व्यक्ती मामेसासरे आहेत की मांडवातला वाटसरू, हे आम्हाला कळत नाही. ते फक्त घरच्यांना कळते, म्हणून कातर घरच्यांच्याच हातात असावी असे माझे ठाम मत आहे.

दुसरी गोष्ट कागदाची. मोठ्या यंत्रात कागद रोलच्या रूपात असतो. त्याची रुंदी ठरलेली असते आणि लांबी यंत्र कापते. सहा इंची रोलवर ४×६, ६×८ आणि ६×९ निघतात, आठ इंची रोलवर ८×१० आणि ८×१२, बारा इंची रोलवर १२×१५ आणि १२×१८. म्हणजे त्या दिवशी तुम्ही ८×१० ऐवजी ८×१२ मागितला असता तर त्याच यंत्रातून, त्याच रोलवर, सगळी माणसे शाबूत असलेला प्रिंट मिळाला असता. चौकट दोन इंचांनी लांब घ्यावी लागली असती, एवढेच.

तिसरी गोष्ट अशी की बरोब्बर मापाला कातरलेला फोटो दिला तरी यंत्र त्याला किंचित मोठा करून छापते, नाहीतर कागद जरासा सरकला तरी कडेला पांढरी रेघ दिसते. त्यात प्रत्येक बाजूचे दोन-तीन मिलिमीटर जातात. त्यावर चौकटीची खाच आणखी पाच-सहा मिलिमीटर झाकते. म्हणून त्रैराशिक यांनी सांगितलेला बत्तिसावा भाग कागदावर बरोबर असला तरी प्रत्यक्षात अपुरा आहे. दोन्ही टोकांना एका माणसाच्या रुंदीएवढी जागा सोडा.

त्यासाठी आमच्याकडचे एक जुने फोटोग्राफर एक युक्ती करत, तीही सांगते. मांडवाच्या फोटोत ते केळीचे खांब रांगेच्या दोन्ही टोकांना, माणसांच्या बाहेर, मुद्दाम चौकटीत घेत. कागद कोणताही असो, कातर लागली तर केळीच्या पानांना लागे.

ओसरी

केळीच्या खांबांची कल्पना मनापासून आवडली. सासूबाईंच्या कार्यक्रमाला दाराशी खांब बांधणारच आहोत, ते फोटोच्या जागी आणता येतील.

एक प्रश्न मात्र राहतो. कॅमेरेवाल्यांनी आणि कागदवाल्यांनी एकच माप का ठरवले नाही? ८×१० आणि १२×१५ ही मापे जर कोणत्याच कॅमेऱ्याशी जुळत नसतील तर ती आली कुठून?

छत्तीसचा रोल

ती मापे आजच्या कॅमेऱ्यांपेक्षा फार जुनी आहेत, आणि त्यांच्या काळात ती कॅमेऱ्याशी तंतोतंत जुळत होती.

काचेच्या प्लेटा आणि नंतर सुट्या तुकड्यांची फिल्म वापरणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्यांत निगेटिव्हच ४×५ किंवा ८×१० इंचांची असे. निगेटिव्ह कागदावर ठेवून उजेड दिला की त्याच मापाचा फोटो मिळे. मोठा करण्याची गरजच नसे. स्टुडिओतले पडद्यापुढचे जुने फोटो त्या घराण्यातले. ८×१०, १६×२० आणि १२×१५ ही सगळी ५:४ ची भावंडे आहेत. बसलेल्या किंवा अर्ध्या शरीराच्या माणसाला तो आकार फार शोभतो, म्हणून घरात तसबीर लावायची तर चौकटवाल्याकडे आजही तीच मापे पुढे येतात.

३:२ चा उगम सिनेमात आहे. एडिसनच्या प्रयोगशाळेत डिक्सन यांनी ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर चार छिद्रांच्या उंचीची चौकट ठरवली, ती होती ४:३. जर्मनीतल्या वेट्झलार येथे लाइट्झ कंपनीत काम करणारे ऑस्कर बार्नाक यांनी तीच फिल्म छोट्या कॅमेऱ्यात आडवी धावेल अशी बसवली आणि सिनेमाच्या १८×२४ मिलिमीटरच्या दोन चौकटी जोडून २४×३६ ची एक केली. त्यांचा पहिला नमुना १९१३-१४ च्या सुमाराचा आणि लायका बाजारात आला १९२५ मध्ये. म्हणजे ४:३ ची दुप्पट केली आणि तिच्यातून ३:२ जन्मले.

या दोहोंमधली ओढाताण तेव्हापासूनची आहे. १९४८ मध्ये आलेल्या पहिल्या निकॉन कॅमेऱ्याची चौकट २४×३२ होती, म्हणजे ४:३. ती ८×१० च्या कागदाला अधिक जवळची होती आणि एका रोलमध्ये चार फोटो जास्त मिळत. पण स्लाइडच्या चौकटी आणि त्या कापणारी यंत्रे २४×३६ ची होती. निकॉनला पुढे २४×३४ वर यावे लागले आणि १९५४ च्या एस-२ मध्ये २४×३६. कागदाशी जुळणारे माप प्रयोगशाळेतल्या यंत्रापुढे हरले.

डिजिटल काळात ४:३ संगणकाच्या पडद्यावरून परत आले. ६४०×४८० आणि १०२४×७६८ हे दोन्ही पडदे ४:३ चे होते आणि सुरुवातीचे छोटे डिजिटल कॅमेरे त्या पडद्यांसाठीच फोटो काढत. ऑलिंपसने २००३ मध्ये ई-१ हा फोर थर्ड्सचा पहिला कॅमेरा आणला आणि २००८ मध्ये पॅनासॉनिकच्या जी-१ पासून तुमच्या मायक्रो फोर थर्ड्सची सुरुवात झाली. ज्या कंपन्यांनी फिल्मच्या काळातल्या एसएलआर कॅमेऱ्यांची लेन्स पुढे चालू ठेवली त्या मात्र ३:२ वरच राहिल्या. म्हणून तुमच्या घरात तुमचा आणि भाच्याचा हे दोन कॅमेरे दोन वेगळ्या वंशांतले आहेत.

आमच्या लहानपणी १२० च्या रोलवर बारा चौकोनी फोटो निघत आणि चौकोनीच कागदावर येत. माझ्या आईच्या अल्बममधले निम्मे फोटो तसे आहेत. त्या फोटोंत टोकाचा माणूस कापला गेलेला मला तरी आठवत नाही.

पडवी

मला थोडे वेगळे मत मांडायचे आहे. त्रैराशिक म्हणतात की कॅमेरा मूळ गुणोत्तरावर ठेवावा आणि मनात जागा सोडावी. माझा अनुभव असा आहे की मनात सोडलेली जागा प्रत्यक्षात सुटत नाही. समोर तीस माणसे उन्हात उभी असतात, कोणी डोळे मिटतो, कोणी खाली बघतो, आणि आपण चौकट काठोकाठ भरून टाकतो. त्यामुळे मी ४×६ साठी काढायचे फोटो कॅमेऱ्यातच ३:२ करून काढते. जे पडद्यावर दिसते ते कागदावर येते. गेल्या तीन वर्षांत मी साताऱ्याच्या आमच्या मंडळाचे सगळे कार्यक्रम असेच टिपले आहेत आणि एकदाही कोणाचे डोके गेलेले नाही.

त्रैराशिक

तुमचे म्हणणे मला मान्य आहे, आणि नुसते ४×६ च काढायचे असतील तर मीही तेच सांगेन. डोळ्याला जे दिसते त्यावरच हात विश्वास ठेवतो. पण ओसरी यांना त्याच फोटोचा १२×१५ सुद्धा हवा आहे. त्यांच्या ४:३ च्या सेन्सरवर ३:२ निवडले की जेपेग फाइल ५१८४×३४५६ ची होते, म्हणजे वरच्या-खालच्या पट्ट्या कायमच्या गेल्या. मग तिच्यातून ५:४ काढायला रुंदीचा सहावा भाग पुन्हा जाणार. एकदा उभी कातर, एकदा आडवी.

यातून मधला मार्ग आहे. मेनूत ‘रॉ + जेपेग’ ठेवावे, म्हणजे नेहमीच्या जेपेग फोटोसोबत सेन्सरने टिपलेली कच्ची ‘रॉ’ फाइलही जपली जाते. बहुतेक मिररलेस कॅमेऱ्यांत गुणोत्तर बदलले तरी रॉ फाइल पूर्ण सेन्सरची राहते आणि निवडलेली चौकट फक्त सूचना म्हणून नोंदवली जाते, त्यामुळे पडद्यावर ३:२ दिसते आणि पदरात ४:३ पडते. १९९६ मध्ये आलेल्या एपीएस फिल्मची रीत हीच होती: फोटो काढताना तीन आकारांतला एक निवडायचा, फिल्मवर मात्र पूर्ण चौकट उमटायची आणि प्रयोगशाळेला फक्त कुठे कापायचे ते कळायचे. निकॉनच्या काही फुल फ्रेम कॅमेऱ्यांत ५:४ निवडल्यावर रॉसुद्धा तेवढीच नोंदली जाते, तेव्हा भाच्याच्या कॅमेऱ्यावर आधी एक फोटो काढून फाइलचे पिक्सेल मोजा. आपल्या कॅमेऱ्याची परीक्षा आदल्या आठवड्यात घ्यावी, समारंभाच्या दिवशी नाही.

पडवी

रॉ ठेवून पडद्यावर ३:२ पाहणे हा मार्ग मला सुचला नव्हता. पुढच्या कार्यक्रमाला करून पाहीन. आभारी आहे.

पायवाट

ज्यांच्याकडे कॅमेरा नाही, मोबाइलच आहे, त्यांनी काय करावे? आमच्या घरच्या मुंजीचे फोटो सगळे मोबाइलवर काढले आणि ४×६ चे प्रिंट आणले, तर बटूच्या मांडीवरचे ताटच दिसत नाही. मोबाइलवर मात्र फोटो पूर्ण पडदाभर, सुंदर दिसतो.

अंधारखोली

‘पूर्ण पडदाभर’ हेच कारण आहे. बहुतेक मोबाइलचे सेन्सर ४:३ चे असतात, पण कॅमेऱ्याच्या ॲपमध्ये ‘फुल’ नावाचा पर्याय असतो आणि तो लांबट पडदा भरण्यासाठी फोटो दोन्ही बाजूंनी कापतो. आमच्याकडे येणाऱ्या मोबाइलच्या फोटोंत निम्मे तरी असे असत. ‘फुल’ या शब्दाने माणसांची फार फसगत होते, कारण त्या पर्यायात फोटो सर्वांत अपुरा असतो.

त्रैराशिक

आकडे देतो. १२ मेगापिक्सेलच्या मोबाइलचा मूळ फोटो ४०३२×३०२४, म्हणजे सुमारे १ कोटी २२ लाख पिक्सेल. २०:९ च्या पडद्यासाठी कापला की ४०३२×१८१४ उरतात. त्यातून ४×६ साठी ३:२ काढले की २७२१×१८१४, म्हणजे सुमारे ४९ लाख. मूळच्या शंभरातले चाळीस उरले. तोच फोटो ४:३ मध्ये काढून थेट ४×६ केला असता तर ४०३२×२६८८, म्हणजे १ कोटी ८ लाख पिक्सेल राहिले असते. बटू उभ्या फोटोत असेल तर पहिल्या कातरीत डावी-उजवी बाजू गेली आणि दुसरीत वरचा-खालचा भाग, त्यातच ताट गेले.

४×६ ला ३०० डीपीआयने, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपक्यांनी, १८००×१२०० पिक्सेल पुरतात, म्हणून प्रिंट अस्पष्ट दिसला नसेल. पिक्सेल पुरेसे होते. ताट असलेले पिक्सेल मात्र त्यांत नव्हते. ॲपमध्ये ४:३ निवडा आणि ते तसेच राहू द्या.

ऐलतीर

मी म्युनिकला राहतो. इथे मापे सेंटिमीटरमध्ये आहेत, १०×१५ आणि १३×१८ ही नेहमीची. इथल्या बऱ्याच ठिकाणी एक सोय मिळते: कागदाची आखूड बाजू १० सेंटिमीटर ठेवायची आणि लांब बाजू फोटोच्या गुणोत्तराप्रमाणे कापायची. ३:२ चा फोटो १५ सेंटिमीटर लांब येतो, ४:३ चा साधारण १३. काहीच कापले जात नाही. गेल्या वर्षी मी आईसाठी असे फोटो पुण्याला नेले. ते अल्बमच्या ४×६ च्या खिशांत सैल बसले आणि आईने प्रत्येकामागे जाड कागदाचा तुकडा घालून ते घट्ट केले. तिने ते आनंदाने केले, पण चाळीस नातेवाइकांना तसे करायला सांगता येणार नाही.

अंधारखोली

भारतातही काही लॅब ४.५×६ काढून देतात, तो ४:३ चाच आहे आणि सहा इंची रोलवर सहज निघतो. अडचण तुम्ही सांगितलीत तीच, तो खिशात जात नाही. ओसरी यांनी ४×६ ठरवले आहे ते योग्यच आहे.

मोठ्या प्रिंटबाबत मात्र एक सुचवते. १२×१५ चा हट्ट कशासाठी आहे? तीन रांगांचा मोठा समूह ५:४ मध्ये बसवला तर वर आकाश आणि खाली फरशीच जास्त येते. एका व्यक्तीसाठी तो आकार उत्तम, समूहासाठी मला लांबट आकारच बरा वाटतो. सासूबाईंचा एकटीचा फोटो १२×१५ करा आणि समूहाचा ८×१२ काढून त्याभोवती माउंट, म्हणजे मधे खिडकी कापलेला पुठ्ठा, घाला. १२×१६ च्या चौकटीत ८×१२ ठेवला की चारही बाजूंना बरोबर दोन-दोन इंचांचा पांढरा माउंट येतो. चौकटीची खाच मग माउंटवर बसते, फोटोवर नाही.

ओसरी

सर्वांची उत्तरे वहीत उतरवून घेतली आणि काल चौकटवाल्याकडे जाऊन आले. त्यांच्याकडे १२×१६ तयार होती. त्यांनी कोऱ्या पुठ्ठ्यात खिडकी कापून आत जुन्या मासिकाचे पान धरून दाखवले, आणि पांढऱ्या पट्टीमुळे चित्र किती शांत दिसते ते माझ्या लक्षात आले. दिवाणखान्यासाठी तेच ठरवले.

आता बेत असा आहे. सामूहिक फोटो माझ्या कॅमेऱ्याने, रॉ + जेपेग ठेवून. पडद्यावर ३:२, कारण आता ४×६ आणि ८×१२ हे दोन्ही प्रिंट ३:२ चेच आहेत आणि पडवी यांचे म्हणणे मला पटले आहे. रॉमध्ये ४:३ राहीलच. सासूबाईंचा एकटीचा फोटो उभा, पूर्ण ४:३ मध्ये, कारण १२×१५ ला तो अधिक जवळचा आहे. काल अंगणात बारा खुर्च्या मांडून, दोन्ही टोकांना झाडू उभे करून दोन फोटो काढले आणि घरीच कातरून पाहिले. झाडू गेले, खुर्च्या राहिल्या. रॉ फाइल ५१८४×३८८८ चीच निघाली.

छत्तीसचा रोल

शेवटचा फोटो काढून झाल्यावर ‘हललात तरी चालेल’ असे म्हणून आणखी दोन घ्या. आमच्या वेळी रोलमध्ये शिल्लक असतील तर आम्ही घेत असू, आणि पुष्कळदा तोच फोटो अल्बमात जाई.

ओसरी

कार्यक्रम परवा पार पडला. मागे बारा, खुर्च्यांवर अकरा आणि सतरंजीवर सहा मुले, असे एकोणतीस जण होते. केळीचे खांब रांगेच्या दोन्ही टोकांना बांधून घेतले होते. ऐन वेळी धाकट्या जाऊबाईंचा मुलगा डावीकडच्या खांबाला टेकून उभा राहिला, तेव्हा मी एक पाऊल मागे गेले.

सगळे फोटो घरीच कातरले, ‘४×६’ आणि ‘८×१२’ असे दोन फोल्डर केले आणि लॅबमध्ये सांगितले की यात काही कापू नका, कडेचे दोन मिलिमीटर गेले तर हरकत नाही. आज प्रिंट आले. डावीकडच्या खांबाचे एक पान कापले गेले आहे आणि त्याला टेकलेल्या मुलाचा हात पूर्ण आहे. मागच्या रांगेत आत्येसासूबाईंच्या अंबाड्यावरचा गजरा वरच्या कडेपासून बोटभर खाली आहे.

पहिली प्रत मामींना दिली. त्यांनी चष्मा लावला, फोटो उजेडात धरला आणि डावीकडून उजवीकडे बोट ठेवत एकेक माणूस मोजला. एकोणतीस भरले.